टेल टायडी लावल्यापासून नंबर प्लेट सारखी तुटते आणि चलान येतं, नेमकं बिघडतंय काय

आधी गाडीची माहिती सांगतो म्हणजे पुढचं नीट कळेल. गाडी २०१७ ची बजाज पल्सर एनएस २००, पुण्यातली, रोजचं येणं-जाणं साधारण तीस किलोमीटर, रविवारी कधी सिंहगड कधी ताम्हिणी. मागचं लांबलचक मडगार्ड काढून टेल टायडी, म्हणजे नंबर प्लेट आणि दिवा धरणारं आखूड ब्रॅकेट, लावली कारण दिसायला भारी, मागचा टायर पूर्ण उघडा, गाडी एकदम हलकी आणि तयारीची वाटते. खोटं कशाला बोलू, मलापण आवडलं होतं आणि अजूनही फोटोत बघितलं की आवडतं.

तेव्हापासून एक दुखणं मागे लागलं ते असं. दर दोन-तीन महिन्यांनी मागची नंबर प्लेट एकतर वाकते, नाहीतर वरच्या भोकापासून चिरते, आणि मध्ये मध्ये "नंबर प्लेट स्पष्ट दिसत नाही" म्हणून चलान. आधी साधी प्लेट होती तेव्हा रेडियमवाल्याकडे जायचं, दीड-दोनशेत अर्ध्या तासात नवीन करून आणायची, विषय संपला. पण मग एचएसआरपी, म्हणजे सरकारी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, सगळ्या जुन्या गाड्यांना आली, म्हणजे १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदणी झालेल्या, मीही ऑनलाइन पैसे भरून बसवून घेतली (दुचाकीला ४५० अधिक जीएसटी, एकूण ५३१ रुपये), आणि ती नवी कोरी प्लेट दोन महिन्यांत डाव्या कोपऱ्याला चिरली. ही काही रेडियमवाला करून देणार नाही. तिच्यावर तुमच्याच गाडीशी जोडलेला लेझरने कोरलेला नंबर असतो, डावीकडे वर अशोकचक्राचा होलोग्राम आणि निळ्या रंगात आयएनडी असतं, बाजारातनं तशी दिसणारी करून आणली तर ती बनावट प्लेट झाली आणि तो वेगळाच गुन्हा. म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख, पुन्हा अर्धी सुट्टी. तेव्हा कुठे डोकं ठिकाणावर आलं आणि एक रविवार घालवून नेमकं काय होतंय ते बसून बघितलं.

सरळ सांगायचं तर मी चार वेळा प्लेट बदलली आणि चारही वेळा दोष प्लेटचा नव्हताच, ब्रॅकेटचा होता. तुम्हीपण हेच करत असाल तर आधी थांबा आणि प्लेट सोडून ती ज्याच्यावर बसलीय ते बघा.

पहिल्यांदा चिर का पडते ते. एचएसआरपी ही जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमची असते, दुचाकीची मागची २०० बाय १०० मिलिमीटर. माझ्या टेल टायडीला सीटखालून एकच पट्टी मागे आलेली, तिच्या टोकाला प्लेट, आणि प्लेट फक्त वरच्या दोन भोकांवर लटकलेली, खालची बाजू हवेत मोकळी. आता सिंगल सिलिंडर गाडी, इंजिन सहा हजार आरपीएमवर असलं की सेकंदाला शंभर वेळा धक्का देतं, तासाभराच्या हायवेला साडेतीन लाखांच्या वर हेलकावे झाले बघा. ती पट्टी म्हणजे पोहायच्या तलावाची उडी मारायची फळी झाली, टोकाला प्लेट थरथरतेय आणि सगळा ताण त्या दोन भोकांच्या कडेला. लोखंडाला कमी ताण असेल तर ते वर्षानुवर्षं झेलतं, ॲल्युमिनियमचं तसं नसतं, ताण थोडा असला तरी वेळा वाढत गेल्या की कधीतरी चिर पडतेच. म्हणून नवी प्लेटपण त्याच जागी, त्याच कोपऱ्याला चिरते. तुमची प्लेट दर वेळी एकाच ठिकाणी तुटत असेल तर हेच कारण समजा, दुसरं शोधत बसू नका.

मी काय काय करून बघितलं तेही सांगतो म्हणजे तुमचा वेळ वाचेल. रबर वॉशर टाकले, पंधरा दिवस बरं वाटलं. मग प्लास्टिकची फ्रेम टाकली, तिने वजन वाढलं आणि पट्टीच जास्त हलायला लागली. मग चिरेवर एमसील लावलं, ते तर विचारूच नका. शेवटी केबल टायने खालची बाजू बांधली, तो टाय टायरला लागून एक दिवस तुटला आणि कुठे पडला तेपण कळलं नाही.

उपाय असा झाला. प्लेटच्याच मापाची, २०० बाय १०० ची, दोन एमएमची पत्र्याची पाठ कापून घेतली, म्हणजे प्लेट हवेत न राहता पूर्ण पाठीवर टेकली. फॅब्रिकेशनवाल्या काकांना सांगितलं की काका एक पट्टी नको, दोन्ही बाजूंनी दोन पट्ट्या द्या आणि मध्ये आडवा टाका मारा, इंग्रजी ए अक्षरासारखं. ते म्हणाले "अहो एवढ्याशा प्लेटला पुलाचं काम करायला लावताय", पण केलं. आणि ब्रॅकेट गाडीला जिथे बसतं तिथे रबराचे ग्रोमेट (भोकात बसणाऱ्या रिंगा) आणि नायलॉक नट (आत नायलॉन असलेले, सहज ढिले न होणारे). लक्षात घ्या, रबर हे ब्रॅकेट आणि गाडीच्या मध्ये पाहिजे, मी आधी ते प्लेट आणि ब्रॅकेटच्या मध्ये टाकत होतो, तिथे त्याचा काही उपयोग नाही, उलट प्लेट जास्त डुलते.

एक गोष्ट मात्र जपा. मागची एचएसआरपी स्नॅप लॉकने बसवतात, तो एकदाच बसतो, काढायचा म्हटलं तर तोडावाच लागतो आणि परत वापरता येत नाही, मुद्दामच तसा केलाय, चोरी आणि अदलाबदल थांबावी म्हणून. बरेच मेकॅनिक टेल टायडी लावताना ड्रिल मारून तो उडवतात आणि साधे नट-बोल्ट लावून देतात, आणि मग नाक्यावर साहेबांना पहिला तोच नट दिसतो. म्हणून क्रम उलटा ठेवा, आधी ब्रॅकेट पक्कं करून घ्या, कोन बघून घ्या, आणि मगच नवीन प्लेट बसवायची तारीख घ्या. मी आधी प्लेट बसवून घेतली म्हणून पाचशेचा फटका आणि एक सुट्टी गेली.

आता चिर थांबली पण वाकणं थांबलं नाही. हे दुसरंच दुखणं निघालं. प्लेटच्या मागच्या, म्हणजे टायरकडच्या बाजूला हात फिरवा, काळं रबर लागलेलं असेल तर टायर प्लेटला घासतोय. माझ्याकडे उभ्या गाडीत टायर आणि प्लेटच्या खालच्या कडेत नऊ सेंटीमीटर जागा होती, मला वाटलं भरपूर आहे. मी आणि भाऊ दोघं बसलो तेव्हा पाच उरली. आणि स्पीडब्रेकरवर मागचं सस्पेन्शन पूर्ण दाबलं की शून्य. एकटा फिरत होतो तोवर काही नाही, मागे कोणी बसलं आणि खड्डा आला की टप्प, प्लेट पुढून मागे वाकलीच. दर वेळी मला वाटायचं की पार्किंगमध्ये कोणीतरी गाडी लावताना धक्का दिला, शेजाऱ्यांवर दोनदा संशय घेऊन झाला, उगाचच. बरोबर तपासायचं असेल तर मेकॅनिककडे शॉकअपचा एक बोल्ट काढून चाक हाताने वर पूर्ण दाबून बघायला लावा, तेव्हा किती जागा उरते तेच खरं माप. बाकी बसून, उड्या मारून बघणं म्हणजे अंदाजपंचे.

तिसरं आणि खरं चलानाचं मूळ म्हणजे कोन. इथे जरा थांबतो कारण हे कोणी सांगतच नाही, सगळे म्हणतात "प्लेट दिसते की भाऊ". कंपनीच्या मडगार्डवर प्लेटचा खालचा भाग थोडा मागे आलेला असतो, म्हणजे प्लेट किंचित आकाशाकडे बघते. टेल टायडीमध्ये बरोबर उलटं होतं, खालची कड टायरकडे आत जाते आणि प्लेट जमिनीकडे बघायला लागते. फोनमध्ये लेव्हलचं ॲप असतं, फोन प्लेटवर आडवा चिकटवून धरा, उभ्या रेषेपासून किती अंश कललीय ते दिसेल. माझी साठच्या आसपास निघाली.

आता हिशोब बघा, शाळेतली कोसाइन आहे, घाबरू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ५१ प्रमाणे दुचाकीच्या मागच्या प्लेटवर अक्षरं ३५ मिलिमीटर उंच आणि आकडे ४० मिलिमीटर उंच पाहिजेत, रेषेची जाडी ७ आणि दोन अक्षरांत ५ चं अंतर. प्लेट साठ अंश खाली कललेली असली की बरोबर मागून, त्याच उंचीवरून बघणाऱ्याला तो ४० चा आकडा २० चा दिसतो. कॅमेरा खांबावर उंच असतो, तो समजा पंधरा अंश वरून बघतोय, तर आकडा जेमतेम १० मिलिमीटरचा राहिला. आणि दोन मीटर मागे उभ्या असलेल्या माणसाचे डोळे प्लेटपेक्षा मीटरभर वर असतात, तो साधारण सत्तावीस अंशातून बघतो, त्याला तर दोन मिलिमीटर, म्हणजे काहीच नाही. प्लेट आहे, नियमाच्या मापाची आहे, स्वच्छ आहे, आणि तरी दिसत नाही.

हे मला हिशोबाआधी एका हवालदार साहेबांनी शिकवलं होतं. सिग्नलला गाडी बाजूला घ्यायला लावली, मागे गेले, कमरेत वाकले, परत उभे राहिले आणि म्हणाले, "मालक, हा नंबर कुणाला दाखवायचा? रस्त्याला?" मी म्हटलं साहेब एचएसआरपी आहे, ओरिजिनल आहे. ते म्हणाले ओरिजिनल असू दे, मला वाकायला लागलं ना. मला तेव्हा राग आला होता, आता वाटतं याहून सोपी चाचणी कोणती सांगणार. गाडीमागे तीन-चार पावलांवर सरळ उभं राहायचं, नंबर वाचायला मान किंवा कंबर वाकवावी लागली तर कोन चुकलाय.

दंडाचं म्हणाल तर असल्या किरकोळ नियमभंगाला मोटार वाहन कायद्याचं कलम १७७ लागतं, पहिल्यांदा ५००, पुन्हा सापडलात तर १५००. महाराष्ट्रात हे वाढलेले दर डिसेंबर २०२१ पासून लागू आहेत. आकडा बघून वाटेल की काय ते पाचशे, पण हे "पुन्हा" वालं आहे ना ते महागात पडतं, कोन तोच राहिला तर दुसरं, तिसरं येतच राहणार आणि दर वेळी १५००.

नवीन ब्रॅकेट करताना मी काकांकडून प्लेट उलट्या बाजूला, म्हणजे आकाशाकडे दहा-पंधरा अंश कलती करून घेतली. लूक थोडा गेला, मान्य. पण ब्रॅकेट थोडं मागे आलं म्हणून टायरला घासणंपण त्याच झटक्यात बंद झालं, एका दगडात दोन दुखणी गेली.

पावसाळ्यात एक चौथी भानगड. जून लागला की दहा मिनिटांत प्लेट चिखलाने माखते. मडगार्ड काढलं की टायर जो चिखल उडवतो तो सरळ प्लेटवर, दिव्यावर, आणि मागे बसणाऱ्याच्या पाठीवर. माझी बायको एकदा पांढरा ड्रेस घालून बसली होती, त्यानंतर टेल टायडीचा विषय घरात काढायचा नाही असं ठरलं. गंमत म्हणजे यालाही नियम आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमातला १२३ वा, दुचाकीवर मागे बसणाऱ्यासाठी धरायला हॅण्डल, फुटरेस्ट आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण पाहिजे. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो ते याच नियमातून आलेलं. नवीन गाडी घेतली की पहिल्या आठवड्यात पोरं साडीगार्ड काढून कोपऱ्यात टाकतात, भंगारवाल्यालापण ते नको असतं. साडी, ओढणी चाकात अडकून काय होतं ते ज्याने एकदा बघितलंय तो काढणार नाही, एवढंच म्हणतो. टायर हगर, म्हणजे चाकाजवळ बसणारं छोटं मडगार्ड, लावला की चिखल बराच थांबतो पण घेताना तो चाकाला लागून बसणारा घ्या, उंच बसणारा नुसता शोभेचा असतो. मी शेवटी हगर आणि साडीगार्ड दोन्ही लावलंय. चिखलावर बाकी उपाय नाही, हेल्मेट पुसायचं फडकं असतं त्यानेच सिग्नलला प्लेटपण पुसायची. काहीजण वरून ॲक्रिलिकची काच लावतात, ती लावू नका, तिच्यावर हेडलाइटचा झोत पडला की कॅमेऱ्याला नुसता पांढरा पट्टा दिसतो.

दिव्याबद्दल. रात्रीची चलानं वेगळी ओळखू येतात, फोटो काळा असतो आणि नंबरच्या जागी राखाडी डाग. नियम १०५ सांगतो की मागची प्लेट पांढऱ्या दिव्याने उजळलेली पाहिजे आणि पंधरा मीटरवरून वाचता आली पाहिजे. पंधरा मीटर म्हणजे साधारण वीस पावलं. रात्री गाडी चालू करून सोसायटीच्या गेटपर्यंत चालत जा आणि तिथून वाचा, किंवा ज्याला तुमचा नंबर पाठ नाही अशा कोणालातरी वाचायला लावा, कारण आपल्याला आपला नंबर अंधारातपण दिसतो. टेल टायडीसोबत जो एलईडी येतो तो बहुतेक वेळा प्लेटच्या डोक्यावर एक पिवळट ठिपका पाडतो आणि शेवटचे दोन आकडे अंधारात. निळा, जांभळा, रंग बदलणारा असला काही लावला असेल तर तो आधी काढा, पांढराच पाहिजे. मी नाना पेठेतनं दोन एलईडीची पांढरी पट्टी आणली, प्लेटच्या पूर्ण रुंदीवर उजेड पडतो, काम झालं.

आणि हो, वायर! हे लिहायचं राहूनच जात होतं आणि खरंतर यानेच मला एकदा भर रात्री कात्रज घाटात अडकवलं. टेल टायडीची वायर सीटखालून मागे येते तिथे पत्र्याची कड असते, थरथरून थरथरून वायरचं आवरण घासतं, तांबं उघडं पडतं, पाऊस आला की शॉर्ट, फ्यूज गेला, आणि प्लेटच्या दिव्यासोबत टेललॅम्पपण बंद. मागून ट्रक येतोय आणि तुम्ही अंधारात. फ्यूज बदलला की चार दिवस चालतं आणि परत जातं, म्हणून वाटतं बॅटरीचा प्रॉब्लेम आहे, स्टेटरचा (वीज तयार करणाऱ्या कॉइलचा) आहे, मेकॅनिकपण तीच गोष्ट सांगतो आणि बिल वाढतं. वायरवर स्लीव्ह चढवा, जिथे पत्र्यातून जाते तिथे रबरी रिंग टाका, आणि जोड इन्सुलेशन टेपचे नकोत, सोल्डर करून हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) चढवलेले पाहिजेत. एलईडी इंडिकेटर लावल्यावर ते पिसाटासारखे भराभर लुकलुकत असतील तर ती बिघाडाची खूण नाही, एलईडी करंट कमी घेतं म्हणून इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या जुन्या रिलेला वाटतं बल्ब गेलाय, एलईडीवाला फ्लॅशर रिले टाकला की बंद होतं.

पुढच्या प्लेटबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पुढची एचएसआरपी २८५ बाय ४५ ची लांबट पट्टी असते, हॅण्डलला समांतर, तोंड पुढे, मडगार्डवर लावली तरी चालते. तिचं दुखणं एकच, लोक ती काढून डिकीत ठेवतात नाहीतर वायसरच्या आत तिरकी घालतात. डिकीतली प्लेट ही प्लेट नाही. जुन्या बुलेटला पुढच्या मडगार्डवर चाकाच्या रेषेत दोन्ही बाजूंना नंबर रंगवलेला असायचा, दिसायचा भारी, पण आता प्लेट पुढेच बघणारी पाहिजे.

फॅन्सी अक्षरांचं मी काही बोलत नाही, एचएसआरपीने तो धंदाच बंद केला. २१४ ला राम करणारे, ४१४१ ला दादा करणारे, आमच्या गल्लीत दोघं होते, त्यांचं दुःख मोठं आहे. नियमात अक्षरं इंग्रजी आणि आकडे आपण ज्यांना इंग्रजी म्हणतो तेच पाहिजेत, त्यामुळे देवनागरी प्लेट कितीही देखणी असली तरी गाडीचा नंबर म्हणून चालत नाही. मला स्वतःला हे पटत नाही, मराठी राज्यात मराठी आकडा का नको असं वाटतं, पण कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर आणि परराज्यातला पोलीस दोघांना तो वाचता यायला पाहिजे हेही खरं.

आता चलानाची बाजू. आलेलं प्रत्येक चलान खरं तुमचंच असेल असं नाही, हे आधी बघा. महाट्रॅफिकच्या ॲपवर किंवा साइटवर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की चलान फोटोसकट उघडतं. फोटो मोठा करून बघा. माझ्या एका चलानात गाडीच माझी नव्हती, कोणाची तरी स्कूटर, प्लेट अशीच खाली कललेली, ८ चा ३ वाचला गेला आणि दंड माझ्या नावावर. म्हणजे बघा, मी ज्याची तक्रार करत होतो तेच दुसऱ्या कोणीतरी मला केलं. आणि माझ्या कललेल्या प्लेटमुळे कोणा तिसऱ्याला माझं चलान गेलं असेल का, हा विचार तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आला. ॲपवरच तक्रारीचा पर्याय आहे, तिथे आपल्या गाडीचा मागून, बाजूने आणि प्लेटचा जवळून असे फोटो टाकायचे, आरसी जोडायची, भांडणाची भाषा न वापरता दोन ओळी लिहायच्या. माझं ते चलान रद्द झालं, वेळ लागला पण झालं. कॅमेऱ्याच्या चलानाला नियम १६७ए लागू होतो, त्यात गुन्हा झाल्यापासून पंधरा दिवसांत नोटीस पाठवायची अट आहे आणि पुरावा म्हणून नंबर प्लेट दिसणारा फोटो लागतो. त्यामुळे फोटोत प्लेट नीट वाचता येत नसेल तर तोच मुद्दा तक्रारीत लिहा. मात्र "प्लेट दिसत नाही" याचंच चलान असेल तर अंधुक फोटो तुमच्या विरोधातच जातो, तिथे वाद घालण्यात अर्थ नाही, पैसे भरा आणि ब्रॅकेट बदला.

मॉडिफिकेशनच्या कायद्याबद्दल मेकॅनिक लोक दोन टोकांचं सांगतात, एकजण म्हणतो काही होत नाही आणि दुसरा म्हणतो गाडीच जप्त होते. कायद्यात काय आहे ते एवढंच. कलम ५२ प्रमाणे आरसीत लिहिलेली माहिती कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हेच ठासून सांगितलं. रंग बदलायचा तर आरटीओत जाऊन आरसीवर नोंद करावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२ए आलं, त्यात मालकाने असा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एकेका बदलाला ५००० दंड, नाहीतर दोन्ही. सायलेन्सरचं तर वेगळंच, आवाज आणि प्रदूषणाला कलम १९०(२), दहा हजारांपर्यंत, आणि काढलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवतानाचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत. टेल टायडी यात कुठे बसते? माझं मत असं की प्लेट सरळ, उजेडात, पूर्ण दिसत असेल, रिफ्लेक्टर आणि इंडिकेटर जागेवर असतील आणि चाक अर्धं झाकलेलं असेल तर नाक्यावर सहसा कोणी अडवत नाही, माझ्या नवीन ब्रॅकेटला अजून कोणी अडवलेलं नाही. पण "आरसीत मडगार्ड लिहिलेलं नाही मग काढलं तर काय" असला वकिली मुद्दा रस्त्यावर उभं राहून मांडू नका, मी एकदा मांडलाय, सिग्नल चार वेळा हिरवा होऊन गेला आणि पावती फाडूनच घरी आलो.

मूळ मडगार्ड फेकून दिलं नसेल तर परत लावणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे हेही सांगून ठेवतो, कारण त्याचा कोन, जागा, दिवा सगळं कंपनीने आधीच जुळवलेलं असतं. मी फेकलं होतं. नवीन मडगार्डची किंमत विचारली आणि मग काकांकडे गेलो. पत्रा, वेल्डिंग, पावडर कोटिंग, दिवा, ग्रोमेट सगळं मिळून हजाराच्या आत बसलं, वेळ गेला तो कोन जुळवण्यात. तुमच्याकडे ते पोटमाळ्यावर असेल तर आधी ते काढून बघा.

ब्रॅकेट बसवल्यावर पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर सगळे नट एकदा परत आवळायला लागतात, रबर दबतं आणि ढिलं पडतं. माझे दोन सुटले होते. त्यानंतर महिन्याला एकदा, चेनला तेल देताना, प्लेटची खालची कड बोटाने हलवून बघतो, टकटक आवाज आला तर नट ढिला, आणि प्लेटच्या मागे हात घालून रबराचा काळा डाग बघतो. वायरपण तेव्हाच सीट उचलून बघायची. या पावसाळ्यात अजून तरी डाग नाही, वायर शाबूत आहे, आणि दिवा परवा गेटपासून शेजारच्या काकांनी मोठ्याने वाचून दाखवला, शेवटच्या आकड्यासकट.